कोबीतली अळी खरंच मेंदूत जाते का? परजीवी आपल्या शरीरात कसे शिरतात, ते समजून घेऊ

नाशिकचा गंगापूर रोड शहर सोडून गंगापूर गाव, धरण आणि पुढे गिरणाऱ्याच्या दिशेने जातो, तो भाजीपाल्याच्या पट्ट्यातूनच. इथल्या लोकांना कोबी-फ्लॉवरचं अप्रूप नाही. तरी पावसाळा लागला की भाजीच्या गाडीवर हा संवाद ऐकू येतोच. "मावशी, गड्डा साफ आहे ना? आत किडा असतो म्हणे, तो मेंदूत जातो." मावशी वरची दोन पानं काढून दाखवतात, "बघा ताई, एक अळी नाही." ताईंचं समाधान होतं किंवा होत नाही, आणि कोबीच्या जागी दुधी घरी जातो.

या भीतीमागे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ आहेत. आधी मेंदूचा एमआरआय, त्यात पांढरे ठिपके, आणि लगेच कोबीच्या पानावर वळवळणारी हिरवी अळी. दोन्ही चित्रं खरी असतात. फक्त त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

तर सरळ उत्तर आधी देऊ. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही, जाऊच शकत नाही. पण मेंदूत शिरणारा एक परजीवी खरोखर आहे, आपल्या देशात तो दुर्मीळही नाही, आणि कच्ची भाजी त्याच्या वाटेवरचा एक टप्पा होऊ शकते. शुद्ध शाकाहारी माणसालाही तो गाठू शकतो. कसा, ते समजलं की परजीवींबद्दलच्या इतर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

अळी वेगळी, परजीवी वेगळा

कोबी-फ्लॉवरवर दिसणारी अळी ही पतंगाची पिल्लू-अवस्था असते. शेतकऱ्यांना सर्वात जास्त छळणारा पतंग म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा, ज्याला ते इंग्रजी नावाने डायमंड बॅक मॉथ म्हणतात. या अळीचं अन्न कोबीचं पान. माणसाच्या पोटात तिला खायला काही नाही आणि जठरातल्या आम्लापुढे तिचा टिकावही लागत नाही. चुकून पोटात गेलीच तर ती इतर अन्नासारखी पचते. किळस येते हे मान्य, पण किळस आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगात किंवा अंगावर राहून त्याच्या जिवावर जगणारा जीव. माणसाला त्रास देणारे परजीवी ढोबळमानाने तीन प्रकारचे. एका पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे, जसे मलेरियाचे, अमिबा, जियार्डिया. दुसरे कृमी, म्हणजे जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी, हत्तीरोगाचे धाग्यासारखे कृमी. आणि तिसरे त्वचेवर किंवा त्वचेत राहणारे, उवा आणि खरजेचे किडे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. परजीवी कुठेही राहू शकत नाही. त्याच्या आयुष्याचे टप्पे ठरलेले असतात आणि अनेकांना प्रत्येक टप्प्याला वेगळं घर लागतं. मलेरियाच्या परजीवीला माणूस हवा आणि अॅनाफिलिस डासाची मादीच हवी, दुसरा डास चालत नाही. मधलं एक घर मिळालं नाही की साखळी तिथेच तुटते. त्यामुळे परजीवीबद्दल विचारायचा पहिला प्रश्न "औषध कोणतं?" हा नसून "हा आला कुठून?" हा आहे.

पट्टकृमीचे दोन संसार

मेंदूत सापडणारा परजीवी म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. लॅबच्या रिपोर्टवर त्याचं नाव टीनिया सोलियम असं असतं. नीट न शिजवलेल्या डुकराच्या मांसात त्याची पिल्लू-अवस्था असते, पाण्याने भरलेली, साधारण वाटाण्यापेक्षा लहान पिशवी. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात. हे मांस माणसाने खाल्लं की पिशवीतलं डोकं बाहेर येतं, लहान आतड्याला चिकटतं आणि तिथे चपट्या फितीसारखा कृमी वाढू लागतो. तो दोन ते सात मीटर लांब होऊ शकतो. एवढा मोठा पाहुणा पोटात असूनही बऱ्याच लोकांना काही कळत नाही. कधी थोडं पोट दुखतं, कधी शौचावाटे पांढरे चपटे तुकडे पडलेले दिसतात, बस. यातल्या एकेका पिकलेल्या तुकड्यात हजारो अंडी असतात.

ही अंडी उघड्यावरच्या विष्ठेतून डुकराच्या पोटात गेली की डुकराच्या स्नायूंमध्ये पुन्हा पिशव्या तयार होतात. माणूस, डुक्कर, पुन्हा माणूस, असं हे चक्र.

आता गफलत कुठे होते ती पाहा. तीच अंडी डुकराऐवजी माणसाच्या पोटात गेली तर? अंड्याला आपण डुकराच्या नाही तर माणसाच्या पोटात आलोय हे कळत नाही. ते डुकरात जे करायचं तेच करतं. आतड्यात फुटतं, आतला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात जातो आणि रक्ताबरोबर स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन पिशवी करून बसतो. परजीवीच्या दृष्टीनेही ही फसलेली वाट आहे, कारण माणसाचा मेंदू कोणी खायला येत नाही.

म्हणजे मांस खाऊन होतो तो आतड्यातला पट्टकृमी, आणि अंडी पोटात जाऊन होतात त्या मेंदूतल्या पिशव्या. दोन्हींचा जीव एक, पण वाटा वेगळ्या. शाकाहारी माणसाला पहिला आजार होत नाही, दुसरा होऊ शकतो. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग हे कसं झालं?" हा प्रश्न मेंदूच्या डॉक्टरांना कायम ऐकावा लागतो, त्याचं उत्तर हे आहे. अंडी डुकरातून येत नाहीत. ती पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाकडून येतात.

याचं गाजलेलं उदाहरण आपल्याकडचं नाही, न्यूयॉर्कमधलं आहे. तिथल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार जणांना मेंदूतल्या या पिशव्या निघाल्या. ही मंडळी धर्माने डुकराचं मांस शिवतही नाहीत. शोध घेतला तेव्हा वाट सापडली ती स्वयंपाकघरात. ज्या देशांत हा कृमी आढळतो तिथून आलेले लोक या घरांत कामाला होते आणि तपासणीत एकाच्या आतड्यात पट्टकृमी निघाला. हा अभ्यास १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला.

हे वाचून सोसायटीतल्या कामवाल्या मावशींकडे संशयाने बघायचं कारण नाही. पट्टकृमी असलेला माणूस घरातला असू शकतो, हॉटेलातला आचारी असू शकतो, शेवटी हातगाडीवर कोथिंबीर चिरणारा असू शकतो, आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो. डॉक्टरांच्या औषधाने आतड्यातला कृमी सहसा पटकन जातो. जी बाई तुमच्या घरी पोळ्या लाटते तिला तुमचा संडास वापरू न देणं आणि मग तिच्या हातांच्या स्वच्छतेची काळजी करणं, यात विसंगती आहे.

मेंदूत गेल्यावर काय होतं

बरीच वर्षं काहीच होत नाही. पिशवी जिवंत असते तोवर शरीराची संरक्षण यंत्रणा तिला जणू ओळखतच नाही. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि मग एक दिवस अचानक फिट येते. आपल्याकडे याला आकडी किंवा मिरगी म्हणतात. कोणाला डोकेदुखी, कोणाला उलट्या, कोणाला नजरेत दोष, हे पिशव्या किती आणि कुठे आहेत यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हा कृमी जिथे कायम आढळतो अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं.

भारतात याची एक वेगळीच कथा आहे. १९८०च्या दशकात आपल्याकडे सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच छोटा, चमकणारा ठिपका दिसू लागला. टीबीचा देश, त्यामुळे ही टीबीचीच गाठ असणार असं धरून लोकांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली जात. ठिपका नाहीसा झाला की औषध लागू पडलं असं वाटे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या या गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यातल्या बहुतेक या पट्टकृमीच्या निघाल्या. १९९१च्या सुमारास हे काम प्रसिद्ध झालं आणि असे एकटे ठिपके अनेकदा आपणहून विरतात हेही स्पष्ट झालं. एका निदानातली दुरुस्ती, पण तिने असंख्य लोकांची नको असलेली औषधं वाचवली.

आजचा उपचार न्यूरॉलॉजिस्ट ठरवतात. फिट थांबवणारी गोळी, सूज कमी करायला स्टेरॉइड, आणि गरज असेल तर कृमी मारणारं औषध. यातलं तिसरं औषध म्हणजे बहुतेक वेळा अल्बेंडाझोल, तीच जंताची गोळी जी मेडिकलमध्ये सहज मिळते. इथे सावध राहायला हवं. मेंदूतल्या पिशव्या एकदम मेल्या तर सूज एकदम वाढते, फिट वाढतात, पिशव्या खूप असतील तर जिवावर बेतू शकतं. डोळ्यात पिशवी असेल तर नजर जाऊ शकते. त्यामुळे कधी फिट आली असेल, किंवा स्कॅनमध्ये ठिपका दिसला असेल, तर "जंताची गोळी घेऊन बघू" हा प्रयोग घरी करायचा नाही.

मग कोबी खायची की नाही?

खायची. पट्टकृमीचं अंडं मिलिमीटरच्या तीस-चाळीस हजारांश भागाएवढं असतं, केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. ते गड्डा उलटून बघितल्याने दिसणार नाही आणि अळी नसलेल्या गड्ड्यावरही असू शकतं. शेतात किंवा नाल्याकाठी उघड्यावर शौच होत असेल, ते पाणी भाजीला जात असेल, भाजी त्याच पाण्यात धुतली जात असेल, तर अंडी पानावर येतात. हे कोबीलाच लागू आहे असंही नाही. कोथिंबीर, पालक, मेथी, मुळा, जमिनीलगत वाढणारं आणि आपण कच्चं खातो असं काहीही. बिचाऱ्या कोबीचा दोष एवढाच की तिच्यात दिसणारी अळी असते.

शिजवलेल्या भाजीत धोका नाही, उकळत्या उष्णतेत अंडी मरतात. प्रश्न कोशिंबिरीचा, सॅलडचा, चायनीजच्या गाडीवरच्या अर्धकच्च्या कोबीचा, आणि मिसळीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीचा आहे. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली की अळ्या वर येतात, म्हणून ती पद्धत लोकप्रिय आहे. पण मीठ, व्हिनेगर किंवा लाल औषधाचं पाणी या अंड्यांना मारेलच असा भरवसा नाही. त्यांचं कवच जाड असतं. त्यापेक्षा पानं सुटी करून, वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं जास्त कामाचं, कारण इथे अंडी मारायची नाहीत, वाहून घालवायची आहेत. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाकायची, कोथिंबिरीची जुडी न सोडता नुसती बुचकळायची नाही.

आणि खरं सांगायचं तर धोक्याच्या यादीत कोबीचा नंबर बराच खाली आहे. पट्टकृमी असलेला माणूस ज्या घरात राहतो किंवा स्वयंपाक करतो तिथे धोका सर्वात जास्त. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं, हे कोबी सोडण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे.

तोंड, त्वचा आणि डंख

पट्टकृमी तोंडावाटे येतो. आपल्याकडचे पोटातले बहुतेक परजीवी असेच येतात, हातावरून, पाण्यातून, अन्नातून. पण त्यांच्यातही फरक आहेत आणि ते घरात उपयोगी पडतात.

गांडुळासारखे लांब जंत, ज्यांना आपण नुसतं जंत म्हणतो, त्यांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिल्यावरच संसर्ग करण्याजोगी होतात. त्यामुळे हे जंत एका मुलाकडून दुसऱ्याला थेट लागत नाहीत, मधे माती लागते. याउलट सुतासारखे बारीक कृमी, जे रात्री मुलांच्या गुदद्वारापाशी खाज आणतात, त्यांची अंडी काही तासांत तयार होतात. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, तिथून तोंडात, पांघरुणावर, भावंडांकडे. म्हणूनच बारीक कृमी एकाला झाले तर डॉक्टर सगळ्या घराला औषध देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. अनेक घरांत पहिला डोस होतो, दुसरा विसरला जातो आणि मग "औषध लागूच पडत नाही" अशी तक्रार सुरू होते.

आजीच्या दोन समजुतींचाही इथेच निकाल लावू. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. गुळात किंवा साखरेत जंताची अंडी नसतात, न धुतलेल्या हातावर असतात. आणि मूल झोपेत दात खातं म्हणून त्याला जंत झालेच आहेत असं नाही. जंत नसलेली मुलंही दात खातात.

दुसरा दरवाजा त्वचेचा. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीत राहते आणि अनवाणी पायाची कातडी भेदून आत शिरते. मग रक्तातून फुप्फुसात, घशात, गिळली जाऊन आतड्यात, असा लांबचा प्रवास करून ती आतड्याला चावून बसते आणि रक्त पिते. एक कृमी रोज थेंबभरही रक्त घेत नसेल, पण शेकडो असले आणि आहारात लोह कमी असलं की हिमोग्लोबिन खाली येत जातं. शेतात अनवाणी राबणारी बाई वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाते आणि थकवा जात नाही, अशा वेळी जंताकडेही बघायला हवं.

त्वचेतून येण्याची एक विलक्षण नोंद कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दाखवून दिलं की हा शिस्टोसोमा नावाचा परजीवी आहे, जो तोवर मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातला समजला जाई. त्याच्या पिल्लांना वाढायला गोड्या पाण्यातली एक चिमुकली गोगलगाय लागते. तिच्यातून बाहेर पडलेली पिल्लं पाण्यात पोहतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. भारतातल्या या आजाराचा विषय निघाला की आजही गिमवीचं नाव घेतलं जातं.

तिसरा दरवाजा डंखाचा. मलेरिया आणि विदर्भात अजून पिच्छा न सोडणारा हत्तीरोग डासातून येतात. तिथे हात धुऊन काही होत नाही, मच्छरदाणी आणि डासांची पैदास थांबवणं हाच उपाय. हत्तीरोगाच्या भागात आशाताई वर्षातून एकदा समोर उभं राहून गोळ्या खायला लावतात, त्या "मला तर काही झालं नाही" म्हणून टाळू नयेत. रक्तातले कृमी त्रास न देताही पुढे पसरतात.

औषध नसताना हटवलेला नारू

साखळीची कडी तोडणं म्हणजे काय, हे पाहायचं तर नारूकडे बघावं. साठी ओलांडलेल्या ग्रामीण वाचकाला हे नाव सांगावं लागणार नाही. पायाला फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटून पांढरा दोऱ्यासारखा कृमी डोकावायचा. मादी मीटरभर लांब असू शकते. ती ओढून तुटली तर जखम चिघळे, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी बाहेर काढायची. त्यात दिवस, आठवडे जात. पेरणीच्या दिवसांत कर्ता माणूस खाटेवर पडून राही.

नारूची वाट अशी होती. पायऱ्यांच्या विहिरीत किंवा तळ्यात सायक्लॉप्स नावाचे पांढऱ्या ठिपक्याएवढे पाणकिडे असतात. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. ते पाणी पिऊन साधारण वर्षभराने माणसाच्या पायातून मादी बाहेर येते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, पाणी लागताच मादी हजारो पिल्लं सोडते, आणि ती पुन्हा सायक्लॉप्सच्या पोटात जातात. बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायची रीत या कृमीच्या पथ्यावर पडली होती.

यावर ना लस होती, ना कृमी मारणारं औषध. आजही नाही. तरी १९८३-८४ पासून राबवलेल्या राष्ट्रीय मोहिमेने तो संपवला. महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू होता. पायऱ्यांच्या विहिरी बांधून घेऊन रहाटाच्या केल्या, हातपंप बसवले, पाणी कापडातून गाळायला शिकवलं, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं, आणि नारू निघालेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८०च्या दशकाच्या मध्यात जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. अलीकडे हा आकडा पंधराच्या आसपास आला आहे, तोही आफ्रिकेतच.

गोठ्यातले परजीवी आपल्याला का होत नाहीत?

गाई-म्हशी, कुत्री, उंदीर यांच्या अंगात भरपूर परजीवी असतात. त्यातले बहुतेक आपल्याला काही करत नाहीत, आणि काहींविरुद्ध तर आपल्या रक्तातच बंदोबस्त असतो. तो किती मोलाचा आहे हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यामुळे जगाला कळलं.

जनावरांत 'सर्रा' नावाचा आजार होतो. घोडे, उंट, गाई-म्हशी यांना चावणाऱ्या माशांमधून तो पसरतो. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली तेव्हाच्या पंजाबात शोधला. माणसाला तो होत नाही असंच सव्वाशे वर्षं मानलं जात होतं. २००४ साली सिंदेवाही तालुक्यातल्या या शेतकऱ्याला महिनोन्महिने अधूनमधून ताप येत राहिला आणि रक्ताच्या काचपट्टीवर चक्क सर्राचा परजीवी हलताना दिसला. आफ्रिकेतल्या निद्रारोगासाठी वापरलं जाणारं सुरामिन हे औषध देऊन त्याला बरं करण्यात आलं.

पण त्यालाच का झाला? गावातल्या १,८०६ लोकांची चाचणी केली तेव्हा अनेकांच्या रक्तात त्या परजीवीशी कधीतरी गाठ पडल्याच्या खुणा होत्या. ज्यांच्यात त्या खुणा ठळक होत्या त्यांच्या रक्तात मात्र परजीवी सापडला नाही. उत्तर २००६ मध्ये मिळालं. माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते या परजीवीला मारतं. या शेतकऱ्याला आई आणि वडील दोघांकडून त्या प्रथिनाची बिघडलेली जनुकं मिळाली होती, त्यामुळे त्याच्या रक्तात ते तयारच होत नव्हतं. म्हणजे सर्राच्या माशा इतरांनाही चावत असणार, पण त्यांना ताप आला नाही, कारण दार आतून बंद होतं.

तपासणी करायची असेल तर

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १० फेब्रुवारीच्या आसपास शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, दोन वर्षांखालच्या मुलांना अर्धी. ही गोळी गोल जंत, अंकुशकृमी यांच्यासाठी आहे. अमिबा तिने जात नाही. मोठ्या माणसांनी दर सहा महिन्यांनी "पोट साफ व्हायला" ती घ्यायची जी पद्धत आहे तिला फारसा आधार नाही. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

अमिबाचं नाव आपल्याकडे जरा जास्तच घेतलं जातं. पोट बिघडलं की "मला जुना अमिबायसिस आहे" म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात सापडतो. रोग करणाऱ्या अमिबाचा एक निरुपद्रवी जुळा भाऊ आहे, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची पुटं सारखीच दिसतात. त्यामुळे रिपोर्टवर अमिबा आला पण जुलाब, आव, रक्त काहीच नाही, तर लगेच गोळ्यांचा कोर्स सुरू न करता डॉक्टरांशी बोलावं.

नळाच्या पाण्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अमिबा आणि जियार्डियाची पुटं नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरिनला चिवटपणे तोंड देतात. त्यांना अडवतो तो शुद्धीकरण केंद्रातला वाळूचा गाळणीथर. म्हणून पाणी गढूळ येऊ लागलं, किंवा जवळपास ड्रेनेजच्या शेजारची पाइपलाइन फुटली असेल, तर ते दिवस पाणी खळखळून उकळूनच प्यावं.

डॉक्टरांकडे जायचंच ते कधी? शौचात रक्त किंवा आव, दोन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब, शौचात पांढरे चपटे तुकडे, कारण न कळणारा रक्तक्षय, थंडी वाजून येणारा ताप, आणि आयुष्यात पहिल्यांदा आलेली फिट. तेव्हा सध्या कुठे राहता, कुठे जाऊन आलात, अनवाणी काम करता का, बाहेर कच्चं काय खाल्लं, घरात कोणाला जंत आहेत का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

शौचाची तपासणी एकदा करून परजीवी सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं नसतं. अंडी आणि पुटं रोज सारखी बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागतात. नमुना लॅबने दिलेल्या कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घ्यायचा, लघवी किंवा कमोडमधलं पाणी मिसळू द्यायचं नाही. जुलाब पातळ असतील तर डबी घरी ठेवून संध्याकाळी नेण्यात अर्थ नाही, जिवंत अमिबा तासाभरात ओळखू येईनासा होतो. अशा वेळी सरळ लॅबमध्ये जाऊन तिथेच नमुना द्यावा.